रुंद तोंडाचा शंख

लाट परत फिरली तशी ठकू खडकावर वाकली आणि एका झटक्यात शंख उपटला. झटका एकच द्यायचा असतो. पहिल्या ओढीत निघाला तर निघाला. नाहीतर आतला जीव सावध होतो, पाय खडकाला गच्च चिकटवतो आणि मग शंखाऐवजी आपलेच नख तुटून हातात येते. इतक्या वर्षांत ठकूची नखे कधी धड वाढली नव्हती.

जमीन समुद्रात घुसते त्या टोकावरचा हा खडक म्हणजे समुद्राचा मार खायची जागा. बारा महिने लाटा इथे डोके आपटत असतात. इथे टिकायचे तर अंग आखूड हवे. कवच पातळ असले तरी चालते, पण तोंड रुंद पाहिजे, कारण त्या तोंडातून पाय बाहेर येतो आणि इथला सगळा संसार त्या एका पायावर उभा असतो. आतल्या खाडीत मात्र पाणी ताटलीतल्यासारखे स्वस्थ. तिथे लाटांचे भय नाही, भय खेकड्यांचे. खेकडा शंखाच्या ओठाला नांगी लावतो आणि कडेकडेने कवच तोडत आत शिरतो. म्हणून तिथले शंख लांबट, जाडजूड आणि अरुंद तोंडाचे, घराला दार लावून आत बसल्यासारखे. दोन्ही शेजारी ठेवले तर कोणीही सांगेल की हे वेगळे आणि ते वेगळे.

ठकूच्या बाबांनीही तेच सांगितले होते. फरक एवढाच की त्यांनी ते छापून सांगितले होते.

ठकू हे तिचे घरातले नाव. पन्नाशीला टेकली, केस पिकले, समुद्रजीवांच्या प्रयोगशाळेत सगळे तिला मॅडम म्हणू लागले, तरी घरी ती ठकूच राहिली होती. बाबा गावातल्या संग्रहालयात हयातभर शंखांची कपाटे सांभाळत होते. निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली तरी बाजारातली माणसे त्यांना अजून ‘शंखवाले’ म्हणून ओळखत. खाडीतल्या जाड शंखाला कोणा जहाजावरच्या डॉक्टराने फार पूर्वीच नाव देऊन ठेवले होते. टोकावरच्या रुंद तोंडाच्या शंखाला मात्र नाव नव्हते. तरुणपणी बाबांनी तो निरखला, मोजला, वेगळी प्रजाती म्हणून जाहीर केला आणि त्याला बायकोचे नाव दिले. आपल्या शोधाला आपलेच नाव देणे या धंद्यात निर्लज्जपणाचे समजतात, बायकोचे चालते. हयातभराच्या कामात बाबांच्या नावावर जमा असलेली प्रजाती ती एकच. तिचा पहिला नमुना अजून संग्रहालयाच्या कपाटात, कापसाच्या गादीवर झोपलेला होता.

आणि ती प्रजाती मुळात नव्हतीच. जगात एवढी एकच गोष्ट अशी होती, जी ठकूला कळली होती आणि बाबांना नव्हती.

उपटलेला शंख डब्यात टाकून ती प्रयोगशाळेत परत आली. तिथे दोन टाक्या होत्या. दोन्हींत तिने टोकावरूनच आणलेली, वाटाण्याएवढी पिले सोडली होती. एकाच खडकावरची, त्याच आयांची. एका टाकीत समुद्राचे पाणी सरळ येई. दुसरीत तेच पाणी आधी एका जाळीच्या पेटीतून येई आणि त्या पेटीत एक खेकडा बसलेला असे. बाकी खाणे, उजेड, सगळे सारखे. आज पहिल्या टाकीतली पिले मोठी होऊन टोकावरच्या शंखांसारखी, रुंद तोंडाची झाली होती. दुसऱ्या टाकीतल्यांचे ओठ जाड झाले होते, तोंडे आवळली होती. टोकाची पिले जागच्या जागी खाडीची झाली होती. ठकूने पुन्हा कॅलिपर लावला. हाताखालच्या पोरांचे मोजमाप चुकले असावे अशी आशा होती, म्हणून हल्ली ती स्वतःच मोजत असे. कॅलिपर काही तिच्या भिडेला बळी पडेना.

लेख लिहून तयार होता. पाठवला की दोन प्रजातींची एक होणार, आणि नावांचा नियम असा की जुने राहते, नंतरचे गळते. म्हणजे आईचे नाव जाणार. बाबांची उभ्या आयुष्याची कमाई जाणार, आणि तीही पोटच्या पोरीच्या हातून. थांबावे का, असेही तिच्या मनात येऊन गेले होते. बाबांचे वय झाले आहे. दोन-चार वर्षे लेख खणात पडून राहिला तर कोणाचे काय बिघडते? मग आपण नेमकी कशाची वाट बघत थांबणार आहोत, हे लक्षात येऊन ती स्वतःशीच ओशाळली होती.

रविवारी ती घरी गेली. बाबा फिरायला गेले होते. आई मागच्या खोलीत वाळलेल्या चादरी काढून घेत होती.

“आलीस? धर हे टोक,” आई म्हणाली.

दोघी चादरीची दोन टोके धरून उभ्या राहिल्या. आई मधूनच जोरात हिसका द्यायची, ठकूच्या हातून टोक सुटायचे आणि आई हसायची. हा तिचा जुना खेळ होता.

“अगं, तुझ्या मावशीचं ऐकलंस का?” आईने मोठ्याने सुरुवात केली. तिचा आवाज मुळातच खणखणीत. तिचे माहेर टोकाला, बर्फाच्या कारखान्यामागे. एका बाजूला यंत्राची घरघर, दुसऱ्या बाजूला वारा. त्या घरात ओरडून मागितल्याशिवाय मीठसुद्धा हाती येत नसे. “कानात ते यंत्र बसवलं ना तिनं, नवीन.”

“थांब, आई. मला आधी एक सांगायचं आहे.”

“सांग की. चादर सोडू नकोस पण.”

“तुझं नाव जाणार आहे.”

“कुठून?”

“शंखावरून.”

ठकूने सगळे सांगितले. टाक्या, पिले, जाड झालेले ओठ. आई ऐकत होती आणि ऐकता ऐकता चादरीच्या घड्या घालत होती. सगळे सांगून झाल्यावर तिने चादर छातीशी धरली आणि ती हसत सुटली. मागची दाढ दिसेपर्यंत हसली.

“बरं झालं बाई. इतकी वर्षं त्या कपाटात उताणी पडून अंग आंबलं होतं माझं.”

“आई, चेष्टा नको.”

“चेष्टा कसली? मग आता मी कोण?”

“कोणी नाही. खाडीतल्याचं जे नाव आहे, तेच तुझं. जुनं राहतं, नंतरचं गळतं.”

“अगं बाई! आणि लग्नात बघ कसं उलटं.” तिने डोळे पुसले. “माहितीये का, माझंच नाव का दिलं ते? मला म्हणाले होते, टोकावर राहणारा आणि तोंड कायम उघडं. याला दुसऱ्या कोणाचं नाव शोभेल?”

“बाबा असं म्हणाले?” ठकूला खरे वाटेना.

“म्हणायचे तेव्हा. भारी बोलायचे. तिकडे शंख वेचायला यायचे ना, तेव्हा आमच्याच पायरीवर बसायचे, माझी बडबड ऐकत.”

ठकूने एक पाय खुर्चीवर टाकून दुसऱ्या चादरीचे टोक उचलले. बाबा कोणाच्या पायरीवर बडबड ऐकत बसले आहेत, हे चित्र काही केल्या तिच्या डोळ्यांपुढे येईना.

“मग सांगू का त्यांना?”

“सांग ना. आज मात्र नको, आज पोट ठीक नाही त्यांचं.”

“काल आले असते तर?”

“काल गुडघा धरला होता.”

“म्हणजे कधीच नको.”

“तेच तर म्हणते मी. मुहूर्त बघत बसलीस तर बसूनच राहशील.” आईने नवी चादर झटकली. “ते राहू दे, मावशीचं ऐक. यंत्र बसवून घरी आली. रात्री झोपली. आणि पहिल्यांदा काय ऐकू आलं? नवऱ्याचं घोरणं! चाळीस वर्षांत नुसता पलंग हललेला कळायचा. सकाळी उठून तडक डॉक्टरकडे गेली आणि म्हणते कशी—”

बाहेर फाटकाची लोखंडी कडी वाजली.

आईने चादरीची टोके जुळवली. घडी घातली, तिच्यावर आणखी एक घडी घातली आणि ती चादर ढिगावर ठेवून आवाज न करता कपाट उघडले. ठकूनेही खुर्चीवर टाकलेला पाय खाली घेतला होता. तो केव्हा घेतला ते तिला कळलेही नव्हते.

“काय म्हणाली मावशी?” तिने हळूच विचारले.

“काही नाही गं. असंच.” आईने मान हलवली. “चहा टाकते.”

ती कडी ठकू जन्मापासून ऐकत आली होती. लहानपणी बाबा संग्रहालयातून घरी येत आणि शंखांच्या डब्या काढून जेवायच्या टेबलावर मांडत. काही शंख मोहरीएवढे असत, कोणी शिंकले तरी उडून जातील असे. त्यामुळे घरात हळू चालायचे, हळू बोलायचे. असे कोणी सांगितले नव्हते. बाबा कधी कोणावर ओरडले नाहीत, हात उगारणे तर सोडाच. कोणाचा आवाज वर गेलाच तर ते भिंगावरची मान उचलून चष्म्यावरून नुसते बघत. बघण्यात रागही नसे. कामातून वर आलेला माणूस बघतो तसे ते बघत आणि पुन्हा खाली वाकत. मैत्रिणी म्हणायच्या, तुझे बाबा किती शांत गं! आईही सगळ्यांना तेच सांगायची, देवमाणूस आहेत, एका शब्दाने बोलले नाहीत मला कधी. आणि ते अक्षरशः खरे होते.

बाबा आत आले. काठी कोपऱ्यात, टोपी खुंटीला, मग खुर्ची. ठकू समोर बसली. आईने चहाचे कप आणून ठेवले आणि ती आत गेली. स्वयंपाकघरातून भांड्याचाही आवाज आला नाही.

“बाबा, टोकावरचा आणि खाडीतला एकच आहे.”

बाबांनी कप उचलला होता, तो तसाच परत बशीत ठेवला.

“कशावरून?”

तिने सांगितले. आईला सांगताना जे भराभर तोंडातून आले होते, ते आता एकेक शब्द तोलून येत होते. बाबांनी मध्येच एकदा विचारले, “किती पिढ्या वाढवल्यास?”

“पिढ्या नाहीत, बाबा. तीच पिलं. टोकावरून आणलेली तीच.”

“तीच बदलली?”

“तीच.”

बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचे डोळे चष्म्याशिवाय लहान आणि उघडे पडल्यासारखे दिसत. आपण हे करायला नको होते, असे तिला अगदी मनापासून वाटले.

“दाखव,” बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते प्रयोगशाळेत आले ते स्वतःचा पितळी कॅलिपर रुमालात गुंडाळून घेऊनच. पंप बघणाऱ्या माणसाने त्यांच्यासाठी स्टूल आणले. ठकूने दोन्ही टाक्यांतले शंख दोन थाळ्यांत काढून ठेवले आणि ती बाजूला उभी राहिली. बाबांनी बाह्या वर केल्या. पहिला शंख उचलला, आणि दचकून खाली ठेवला.

“हलतो आहे हा.”

“जिवंत आहे, बाबा.”

“हो, हो. आमच्याकडे यायचे ते उकळून, साफ करून, वाळवून यायचे. हातात धरला की दगडासारखा.” ते ओशाळून हसले. “याचा पाय मी कधी बघितलाच नाही बघ. तोंड किती रुंद ते मोजलं. कशासाठी रुंद आहे ते बघायला ओल्या खडकावर बसायला हवं होतं.”

“टोकावर तर जात होतात तुम्ही.”

“सुरुवातीला जायचो. मग काम वाढलं, लोक आणून द्यायला लागले.”

ते मोजत राहिले. ओठाची जाडी, तोंडाची रुंदी, अंगाची लांबी. पूर्वीसारखेच मान खाली, ओठ मिटलेले, हात मात्र आता थरथरत होते. थरथर शंखाला लागू नये म्हणून ते कोपर टेबलाला टेकवून बसले होते. ठकूला वाटले, बोलावे काहीतरी, काहीही. पण ते काम करत असताना बोलायचे कसे, हे तिला या वयातही माहीत नव्हते. शेवटचा शंख मोजून त्यांनी कॅलिपर रुमालात ठेवला आणि रुमालाची गाठ मारली.

“एकच आहे,” ते म्हणाले.

“बाबा, लेख थांबवता येईल. घाई नाहीये काही.”

“का थांबवायचा? चूक ती चूक. मी अंगावरचे कपडे बघून दोन माणसं मोजली. माणूस एकच होता, एकदा घरी भेटला, एकदा दारी.” त्यांनी तिच्याकडे बघितले. “तू नीट काम केलं आहेस. मला याहून पक्कं करता आलं नसतं.”

आयुष्यात त्यांनी तिचे असे कौतुक केल्याचे तिला आठवत नव्हते. ते ऐकून आनंद व्हावा की रडावे, हे तिला ठरवता येईना. ती शंख परत टाक्यांत सोडू लागली.

बाबा उठून टाक्यांपाशी आले. पहिल्या टाकीतले शंख थोड्याच वेळात हलू लागले. काचेवर पाय पसरून वर चढू लागले. एक तर शेजारच्याच्या पाठीवरून निघाला होता. दुसऱ्या टाकीतले मात्र जिथे ठेवले तिथेच राहिले, तोंडे मिटून, कोपऱ्यात एकमेकांना लागून. त्यांना खायला टाकलेल्या बारीक शिंपल्या बऱ्याचशा तशाच होत्या.

“हे खात नाहीत?”

“खातात, पण कमी. फिरतही नाहीत फारसे.”

बाबा वाकले आणि जाळीच्या पेटीत बघू लागले. खेकडा तळाशी बसला होता. चांगला तळहाताएवढा, हिरवट, नांग्या अंगाशी घेऊन, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा.

“हा मारतो यांना?”

“नाही. जाळीतच असतो.”

“मधे कधी सुटला असेल?”

“कधीच नाही. एकालाही शिवलेला नाही तो.”

“मग?”

“पाणी याच्यावरून येतं, बाबा. त्याचा वास येतो त्यांना. तेवढा पुरतो.”

पंपाचा आवाज चालू होता. बाबा खेकड्याकडे बघत राहिले. त्यांचा एक हात काचेवर टेकलेला होता.

“आणि याला ते ठाऊक आहे?”

ठकू हसली. “त्याला काय ठाऊक असणार? तो बिचारा त्याच्या कामात असतो. खातो, झोपतो.”

हे बोलून ती पाण्याची तोटी बंद करायला वळली. परत आली तरी बाबा तसेच वाकून उभे होते. पाठीला रग लागेल म्हणून ती स्टूल पुढे सरकवायला गेली, तेव्हा त्यांनी खेकड्यावरची नजर न काढताच विचारले,

“याला बाहेर काढला, तर यांचं तोंड पुन्हा रुंद होतं का?”

“झालेलं कवच तसंच राहतं, बाबा. ते काही परत जात नाही. पण मग खायला लागतात. फिरायला लागतात. पुढची वाढ वेगळी होते.”

“म्हातारे असले तरी?”

“म्हातारे वाढत नाहीत फारसे. पण बाहेर येतात.”

“लगेच?”

“लगेच नाही. बराच काळ खात्री करून घेतात.”

बाबांनी मान हलवली. आता ठकूने त्यांच्याकडे नीट बघितले. नावाचे दुःख त्या चेहऱ्यावर नव्हते. नावाचा निकाल ते मघाशीच लावून मोकळे झाले होते. हे काहीतरी निराळे होते, आणि ते तिने त्यांना दाखवायचे म्हणून दाखवले नव्हते. आणायला नको होते यांना इथे, तिला वाटले.

थोड्या वेळाने बाबा नेहमीच्या आवाजात म्हणाले, “तुझ्या आईला कसं सांगायचं? नाव तिचं होतं.”

“तिला माहीत आहे. मी आधी तिलाच सांगितलं.”

“आधी तिला?” त्यांनी काचेवरचा हात काढला. “काय म्हणाली?”

“हसली.”

“हसली? कशी?”

“कशी म्हणजे? मोठ्यानं. दाढ दिसेपर्यंत.”

“मोठ्यानं,” बाबा म्हणाले. त्यांनी रुमालाची गाठ सोडून पुन्हा मारली. “पूर्वी हसायची तशी. ते तिच्या वयाबरोबर गेलं असं समजत होतो मी.”

ठकूने त्यांची काठी आणून दिली.

एरवी घराबाहेर पडले की संध्याकाळी फिरून झाल्यावरच बाबा घरी जात. वेळ अशी की लोकांनी घड्याळ लावावे. आज दुपारीच निघाले. ठकू बरोबर निघाली. तिने रिक्षा बघू का म्हणून विचारले, तर ते चालूया म्हणाले. वाटेत एकदा ते थांबले. ठकूला वाटले, दम लागला.

“मी तिला कधी गप्प बस म्हणालो का गं? तुला आठवतं?”

“नाही बाबा. कधीच नाही.”

“तुला?”

“मलाही नाही.”

“हो ना,” ते म्हणाले, पण त्यांना या उत्तराने बरे वाटल्यासारखे दिसले नाही. ते पुन्हा चालू लागले. ठकूला त्यांचा हात धरावासा वाटला आणि मग तिने तो खरेच धरला. हात हलका झाला होता आणि कोरडा होता. त्यांनी तो काढून घेतला नाही.

घराजवळच्या वळणावर आले तेव्हाच आवाज कानावर पडला. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि आई तिच्यात उभी राहून भिंतीपलीकडच्या शेजारणीशी बोलत होती. बोलत होती म्हणजे काय, गर्जत होती. बर्फाच्या कारखान्याच्या वरताण.

“संपलं की हो माझं! कपाटातून बेदखल! उद्यापासून मी म्हणजे खाडीतली. आता तुम्हीही मला जरा बेतानंच हाक मारा.”

शेजारीण काहीतरी म्हणाली.

“छे हो, वाईट कसलं वाटायचंय? यांना वाटेल बिचाऱ्यांना. मला नाव होतं तिथं, पण गप्पा मारायला कोण होतं त्या कपाटात? हां, ठकूच्या मावशीचं अर्धंच राहिलं, नाही का? तर ती तडक डॉक्टरकडे गेली, यंत्र काढून टेबलावर आपटलं आणि म्हणते कशी, डॉक्टर, हे परत घ्या! मी बहिरी होते तोवर नवरा बरा होता हो माझा!”

आणि आई हसली. ते हसणे खिडकीतून बाहेर आले, अंगणातून, फाटकावरून रस्त्यावर आले. समोरच्या घरातल्या कोणीतरी वर बघितले. ठकूलाही हसू फुटले; मावशी काय म्हणाली ते अखेर कळले होते. तिने बाजूला बघितले. बाबा फाटकाशी उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. त्यांना रडू आले असे वाटून ती घाबरली. मग दिसले की ते हसत होते, तोंडावर मूठ धरून, अजिबात आवाज होऊ न देता. डोळ्यांतून पाणीही येत होते. त्यातले हसण्याचे किती, ते सांगणे कठीण होते.

आत आईने पुढची गोष्ट सुरू केली होती.

ऊन कडक होते. बाबांना सावलीत न्यावे, पाणी द्यावे म्हणून ठकूने फाटकाकडे हात नेला. बाबांनी तिचे मनगट धरले.

“थांब,” ते अगदी हळू म्हणाले. “कडी वाजेल.”